पावलांचं संकलन

नृसिंहराव हुपरीकरांच्या रक्ततपासणीचा कागद डॉक्टर स्नेहल यांनी टेबलावरून त्यांच्यापुढे सरकवला, तेव्हा त्यांनी चष्मा चढवला, आकडा वाचला आणि पहिला प्रश्न केला तो असा, की नमुना घेताना नळी कोरडी होती का. माणूस एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता. उसात साखर किती, रसात किती, मळीत वाया किती गेली, हे त्यांच्या सहीशिवाय ठरत नसे. आता निवृत्त होऊन कसबा बावड्याच्या कडेला, नव्या कॉलनीत निवांत राहायला आल्यावर कुणीतरी त्यांचीच साखर मोजावी आणि वर ती जास्त भरावी, हे त्यांना जरा उद्धटपणाचं वाटलं.

"नळी कोरडीच होती, काका," डॉक्टर म्हणाल्या. "तीन महिन्यांची सरासरी आठ पूर्णांक सहा आलीय. ती सातापर्यंत यायला हवी. गोळ्या चालू आहेत, पण तुम्ही चालत नाही."

"मी रोज चालतो."

"कुठपर्यंत?"

"फाटकापर्यंत. पेपर आणायला."

"तीन महिने देते तुम्हाला. तेवढ्यात आकडा खाली आला नाही, तर इन्सुलिन. रोज सकाळी, पोटावर, स्वतःच्या हातानं."

इथं एक गोष्ट सांगून टाकायला हवी. नृसिंहराव सुईला भ्यायचे. शाळेत लस टोचायला माणसं आली होती, तेव्हा हा हुशार विद्यार्थी संडासाच्या पत्र्यावर जाऊन बसला होता आणि माणसं दुसऱ्या गावाला गेल्याची खात्री पटल्यावरच खाली उतरला होता. आज एकसष्टाव्या वर्षीही रक्त काढताना ते भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या एकादश्या मोजत. ही गोष्ट जगात फक्त श्यामलाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला ठाऊक होती. यापुढं तीन महिने जे काही घडलं, ते एवढ्या एका सुईपायी घडलं, हे वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं, म्हणजे एक शहाणासुरता माणूस असा का वागला याचा फार अचंबा वाटणार नाही.

डॉक्टरांनी त्यांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं. अ‍ॅपचं नाव होतं 'चालते व्हा'. नाव ठेवणाऱ्यानं घरात कधी मराठी ऐकलं होतं की नाही कोण जाणे, पण रोज सकाळी स्वतःच्याच फोननं आपल्याला असं म्हणावं, हे नृसिंहरावांच्या नाकाला झोंबलं. फोन खिशात ठेवायचा, तो पावलं मोजणार, दिवसाला सहा हजार हवीत, निम्मी झाली की आतली बाई शाबासकी देणार. एकट्यादुकट्या माणसाचा उत्साह आठवड्यात मावळतो, म्हणून एका भागातल्या अकरा पेशंटांचा गट करायचा. एक गटप्रमुख नेमायचा. तीन महिन्यांत ज्या गटाची पावलं जास्त, त्याला दवाखान्यातर्फे ढाल.

डॉक्टर स्नेहल मूळच्या अमरावतीच्या. ढाल हा शब्द कोल्हापुरात असा सहज, बेसावधपणे उच्चारायचा नसतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

अकरा मधुमेही जमवायला कॉलनीत अर्धा तास पुरला. चौदा निघाले. राहिलेले तिघं पुढं महिनाभर नृसिंहरावांशी बोलत नव्हते. पहिली बैठक शेजारच्या हंबीररावांच्या पोर्चमध्ये भरली. हंबीरराव बारा वर्षं गावच्या दूध संस्थेचे चेअरमन होते. मागच्या निवडणुकीत चार मतांनी पडले आणि तेव्हापासून हा माणूस खुर्चीवाचून नुसता तळमळत होता. गटप्रमुख हा शब्द ऐकताच ते उठून उभे राहिले.

"गटप्रमुख म्हंजे चेअरमनच की वो! आन् सायेब सेक्रेटरी. अक्षर बरं हाय त्येंचं."

"मंजूर!" नऊ जण एकदम ओरडले. कशाला, हे कुणी विचारलं नाही. सहकारात वाढलेल्या माणसाला हा शब्द उचकीसारखा येतो. नृसिंहरावांना एक वही मिळाली, आणि पेशंट होऊन गेलेला माणूस सचिव होऊन घरी आला.

"चालायला कधीपासून सुरुवात?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"आधी घटना तयार करायचीय."

"कुणी काही दुर्घटना करायच्या आत चालून घ्या," त्या म्हणाल्या आणि त्यांच्यापुढं बिनसाखरेचा चहा ठेवला.

पहिल्या दिवशी अकराही जण नवे बूट घालून राजाराम बंधाऱ्याच्या रस्त्याला लागले. दुसऱ्या दिवशी सात. एकाचा गुडघा, एकाकडं पावणं, एकाची म्हैस व्याली. म्हैस व्याली हे कारण त्या माणसानं पुढं आणखी दोन वेळा दिलं. सहाव्या दिवशी उसाच्या फडांमधून नृसिंहराव एकटेच चालत होते. त्याच संध्याकाळी अ‍ॅपवर सगळ्या गटांची यादी आली. कागलचा गट पहिला होता आणि बावड्याचा शेवटून दुसरा.

हंबीररावांनी तातडीची सभा बोलावली. "कागलवालं फुडं?" ते म्हणाले, आणि पुढं बराच वेळ त्यांना बोलताच येईना. ज्यांना येत होतं त्यांनी आपापली कारणं सांगितली. शेवटी चेअरमन सावरले.

"मला येक सांगा. गावात शंभर घरात म्हशी. परत्येक जण किटली घिऊन डेअरीपत्तूर जातोय व्हय? न्हाई. दारात दूध गोळा हुतंय, येक गाडी निऊन सोडत्या. त्येला काय म्हंत्यात? संकलन. मग हितं अकरा जणांनी पाय झिजवायचं कारण काय? सायेब तर रोज जात्यातच. सगळ्यांचं फोन त्येंच्याकडं द्यायचं."

नृसिंहरावांनी लिहिता लिहिता मान वर केली. "हंबीरराव, चालायचं माणसानं आहे, फोननं नाही."

"डॉक्टरला दिसतंय काय? फोन! डेअरीला म्हैस दिसत्या व्हय? दूध दिसतंय."

या युक्तिवादात कुठं तरी खोट होती. नृसिंहरावांना ती जाणवत होती, पण ती सापडेपर्यंत झुंबरबाई बोलल्या. झुंबरबाई म्हणजे कॉलनीच्या टोकाच्या जुन्या घरातली, दोन म्हशी आणि तीन सुना सांभाळणारी बाई. "पर मानूस इश्वासाचा पायजे. दुसऱ्या कुनाच्या हातात म्या फोन देनार न्हाई. सायेब देवमानूस हाय." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकतीस वर्षांच्या नोकरीत नृसिंहरावांना असं कुणी म्हटलं नव्हतं. शिवाय निम्मे सभासद गळाले की अ‍ॅप गट बरखास्त करणार होतं, आणि गट गेला की आपणही आठवड्यात पेपरपुरते उरू, हे ते स्वतःला ओळखून होते. मग सुई. ठराव क्रमांक चार त्यांनी स्वतःच्याच हस्ताक्षरात, ठसठशीत लिहिला. सूचक दुकानदार जोतीराम, अनुमोदक झुंबरबाई, मंजूर.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्यांनी घरोघर जाऊन फोन गोळा केले. भाजीच्या कापडी पिशवीत स्वतःचा धरून अकरा फोन मावले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिशवी दोन किलो शंभर ग्रॅम भरली. वजन घेऊन चालणं तब्येतीला अधिक चांगलं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

बंधाऱ्याच्या अलीकडं, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच ऊस आणि चिटपाखरू नाही अशा ठिकाणी, पिशवीतून आवाज आला, "शाब्बास हंबीरराव! तीन हजार पावलं पूर्ण!" नृसिंहराव दचकले. मग "शाब्बास झुंबरबाई!" मग "शाब्बास जोतीराम!" असं एकामागून एक दहा जणांचं कौतुक झालं. हे दहाही जण त्या वेळी अंथरुणात होते. अकरावी शाबासकी बराच वेळ आली नाही. नृसिंहरावांचा फोन म्हणजे त्यांच्या मुलीनं, मैथिलीनं, नवा घेतल्यावर दिलेला जुना. तो त्यांच्याइतकाच जपून मोजत होता.

घरी येऊन त्यांनी आकडे उतरवून घेतले आणि त्यांच्यातला केमिस्ट खवळला. पाय तेच, रस्ता तोच, पिशवी तीच. हंबीररावांच्या महागड्या फोनवर नऊ हजार एकशे पाच, झुंबरबाईंच्या आठ हजार चारशे बारा, आणि स्वतःच्या सात हजार नऊशे. एकट्यानं धावलेल्या शर्यतीत ते अकरावे आले होते. रात्री अ‍ॅपनं त्यांना खास निरोप पाठवला: 'निराश होऊ नका. गटातल्या इतरांकडून प्रेरणा घ्या.'

निरोप वाचून श्यामलाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मग फोन वाजायला लागले. पहाटे सहाला कुणाला कोण फोन करणार, असं आपल्याला वाटतं. पण जोतीरामचं पशुखाद्याचं दुकान होतं, आणि पेंड संपल्याचं शेतकऱ्याला धारेच्या वेळीच कळतं. चौथ्या दिवसापासून नृसिंहराव बंधाऱ्यावर उभं राहून सरकीच्या पोत्यांच्या ऑर्डरी घेऊ लागले. झुंबरबाईंचा कागलचा भाऊ तर पुरुषाचा आवाज ऐकून गारच पडला.

"कोन बोलतंय? आक्का कुटं हाय?"

"त्या झोपल्या असतील. मी नृसिंह हुपरीकर."

"तू कोन?"

"मधुमेही," नृसिंहराव म्हणाले. खरं तर सचिव म्हणायला हवं होतं. आठच्या सुमाराला भाऊ दोन पुतणे घेऊन गाडीनं बावड्यात हजर झाला आणि ठराव क्रमांक चार त्याला मोठ्यानं वाचून दाखवावा लागला.

पण खरी अब्रू गेली ती तिसऱ्या आठवड्यात. बंधाऱ्याच्या रस्त्याला एक मोटारसायकल त्यांच्या शेजारून हळू हळू चालायला लागली. वर खाकी कपड्यातले विजयसिंह नावाचे हवालदार. नेमक्या त्याच वेळी पिशवीत तीन फोन एकदम वाजले.

"पावणं, थांबा. पिशवीत काय हाय?"

"फोन."

"किती?"

"अकरा."

"कुनाचं?"

"एक माझा. दहा सभासदांचे."

"आन् सभासद कुटं हाईत?"

"घरी झोपलेत," नृसिंहराव म्हणाले, आणि हे उत्तर कितीही खरं असलं तरी बरोबर नाही, हे त्यांना हवालदारांच्या चेहऱ्यावरून कळलं.

सुदैवानं ठरावाची प्रत त्यांच्या खिशात होती. विजयसिंहांनी ती शेवटपर्यंत वाचली, उलटून मागची कोरी बाजूही बघितली आणि विचारलं, "शिक्का कुटं हाय?" शिक्का नव्हता. एकतीस वर्षं ज्या माणसाच्या सहीला किंमत होती, तो पुढचा दीड तास चौकीच्या बाकावर, एका कोंबडीचोराच्या शेजारी बसला. चोरानं आपुलकीनं विचारलं, "काका, येका येळंला अकरा मारलं व्हय?"

ज्याचा त्यानं येऊन फोन ओळखावा, म्हणजे सोडतो, असं ठरलं. विजयसिंह म्हणाले, "लावा फोन समद्यांस्नी." मग त्यांच्याही लक्षात आलं की फोन समोर टेबलावर आहेत. शेवटी तेच मोटारसायकल घेऊन घरोघर फिरले. दहा जण आले, दहा फोन ओळखले, दहा अर्जांवर सह्या केल्या. हंबीररावांनी त्याच दिवशी गोल रबरी शिक्का करून घेतला. दुसऱ्या दिवशी हवालदारांनी त्याच वळणावर पुन्हा गाठलं, शिक्का पारखून घेतला आणि मग इकडं तिकडं बघत खिशातून स्वतःचा फोन काढला. "ह्यो बी ऱ्हाऊ द्या पिशवीत, सायेब. मलाबी शुगर हाय. मंडळी रोज पावलं इचारत्या."

हे सगळं नृसिंहरावांनी सोसलं असतं. आठ हजार पावलं रोज पडत होती, सुई लांब जात होती, आणि अपमान काही रक्तात उतरत नाही. पण फोन परत करताना चहा मिळायचा.

सुरुवात झुंबरबाईंपासून झाली. दोन किलोंची पिशवी घेऊन घामाघूम झालेला साठीचा माणूस दाराशी उभा, आणि त्याला नुसतं 'बरं' म्हणून वाटेला लावायचं, असं कोल्हापुरात होत नाही.

"बसा. च्या घिऊन जावा."

"मी बिनसाखरेचा घेतो, झुंबरबाई. घरी जाऊन घेईन."

"फिका च्या आमी पितो घरातली मानसं. पावण्याच्या फुडं फिका ठेवायचा व्हय? लोकं थुकतील तोंडावर." आणि नृसिंहराव अजून उभेच आहेत हे बघून बाई जरा हळू आवाजात म्हणाल्या, "का आमच्यातलं चालत न्हाई तुमास्नी?"

या प्रश्नाला कोल्हापुरात एकच उत्तर आहे आणि ते खाली बसून द्यायचं असतं. नृसिंहराव बसले. म्हशीच्या दुधाचा दाट चहा. पहिल्या घोटालाच त्यांच्या जिभेनं साखर ओळखली: दोन चमचे, शिगोशीग. पुढच्या दारात जोतीराम. 'आत्ताच झुंबरबाईंकडं झाला' असं म्हणावं तर 'त्यांच्यात चालतोय आन् आमच्यात न्हाई व्हय?' हे ठरलेलं, म्हणून ते तिथंही गप्प बसून प्याले. तिसऱ्या दारात तेच. हंबीररावांकडं चहाबरोबर बुंदीचा लाडूही असे, कारण चेअरमन. दहा घरं, दहा कप. कुणाला दुसऱ्याचा पत्ता नाही, आणि प्रत्येकाच्या मनात समाधान, की देवमाणसाची जाण निदान आपण तरी ठेवतो.

रात्री अ‍ॅप विचारी, 'आज साखरेचा चहा किती वेळा?' नृसिंहराव शून्य लिहीत. याला खोटं म्हणता येणार नाही. घरी घेतलेला चहा त्यांच्या वैयक्तिक नोंदीत धरायचा होता आणि तो बिनसाखरेचा होता. बाकीचे दहा हे संस्थेच्या कामकाजाचा भाग असून त्याचा त्यांच्या शरीराशी थेट संबंध येत नाही, असा निर्णय त्यांनी सचिव या नात्यानं घेतला होता. एकतीस वर्षं पोत्यापोत्यातल्या साखरेचा हिशेब विचारणारा हा माणूस स्वतःच्या तोंडात जाणाऱ्या साखरेला मात्र नियमावलीत जागा शोधत होता. पण दहा दारांत दहा वेळा नाही म्हणण्यापेक्षा हे सोपं होतं, आणि भिडस्त माणसं अशीच बुडतात.

इकडं सभासदांच्या तक्रारी वाढल्या. सकाळी दोन तास फोन नाही म्हणजे करायचं काय? हंबीरराव म्हणाले, "डोळा उघडला की हात उशाला जातोय. फोन न्हाई. बसवत न्हाई सायेब. म्हनून कामाची पाहनी करायला बंधाऱ्याच्या निम्म्या वाटंपत्तूर यिऊन जातो." जोतीराम फोनवर पत्ते खेळायचा. आता तो फोन आले का विचारत घरोघर हिंडायचा आणि कॉलनीला चार वेढे घालायचा. झुंबरबाई उशाला फोन ठेवून सातपर्यंत भजनं ऐकत पडायच्या. आता करमत नाही म्हणून विळा घेऊन शेताला जायच्या आणि वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन यायच्या. सुना खूश होत्या. नृसिंहरावांनी वहीत नोंद केली, 'सकाळच्या वेळी सभासदांची मोठी गैरसोय होत असून सर्वांना इकडे तिकडे फिरावे लागत आहे, तरी यावर पुढील सभेत विचार व्हावा.'

तीन महिने संपले. बावड्याचा गट पहिला आला होता आणि कागल दुसरं. निकालाच्या दिवशी सगळे दवाखान्यात जमले. हंबीररावांनी फेटा बांधला होता आणि हलगीवाला आणला होता. बाकीच्या पेशंटांनी हात जोडल्यामुळं त्याला फाटकाबाहेर उभं केलं होतं. नृसिंहराव कोपऱ्यातल्या खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. शेजारी श्यामलाबाई. आज सुई कायमची टळणार, म्हणून सकाळी त्यांनी देवापुढं नारळही ठेवला होता.

डॉक्टर स्नेहल यांनी एकेक कागद वाचायला सुरुवात केली. हंबीरराव आठ पूर्णांक नऊवरून सात पूर्णांक एक. झुंबरबाई नऊ पूर्णांक दोनवरून सात पूर्णांक तीन. जोतीराम सहा पूर्णांक नऊ. दहाच्या दहा उतरले होते. डॉक्टरांचा चेहरा फुलला होता. मग त्यांनी अकरावा कागद उचलला आणि त्या थांबल्या.

"काका, तुमचा दहा पूर्णांक तीन आलाय."

यावेळी नृसिंहरावांनी नळीबद्दल विचारलं नाही.

"तुम्ही खरंच चालत होतात ना?"

"चालत हुता का म्हंजे?" हंबीररावांना देवमाणसाचा अपमान सहन झाला नाही. "त्येंच्याएवढं पंचक्रोशीत कोन चाललं न्हाई! आमची दहा जणांची पावलं येकटं चाललंय त्ये!"

वाक्य संपल्यावर फेट्याखालचा चेहरा हळूहळू बदलला. बाहेर हलगीवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं हलगीवर दोन ठोके टाकले आणि थांबला.

सगळं बाहेर आलं. पिशवी, संकलन, ठराव, शिक्का. डॉक्टर डोक्याला हात लावून ऐकत होत्या. "पण मग यांची साखर उतरली कशी?" त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि मग चार प्रश्न विचारल्यावर तेही कळलं. पाहणी, वैरण, कॉलनीचे वेढे. दहा जण फोनवाचून तीन महिने रोज चालले होते आणि ते कुठंच मोजलं गेलं नव्हतं.

"आणि काका, तुम्ही खाण्यात काही...?"

"काय बी न्हाई," झुंबरबाई म्हणाल्या. "निस्ता माझ्यातला येक कप च्या. तेबी म्या जुलमानं पाजत हुते."

"तुमच्यात?" जोतीराम वळला. "माझ्यातबी घेत हुते की सायेब."

"आमच्यात बी."

"आमच्यात च्या आन् लाडू," हंबीरराव अगदी बारीक आवाजात म्हणाले.

एकेक हात वर होत गेला. श्यामलाबाईंनी मोजले आणि दहावर आल्यावर नवऱ्याकडं पाहिलं. तीन महिने त्या स्वतःच्या चहातलीही साखर बंद करून बसल्या होत्या, त्यांना एकट्याला वाईट वाटू नये म्हणून. त्या रागावल्या असत्या तर नृसिंहरावांना बरं वाटलं असतं.

"इन्सुलिन सुरू करावं लागेल, काका," डॉक्टर म्हणाल्या. "उद्या सकाळपासून."

नृसिंहरावांनी भिंतीवर कॅलेंडर शोधलं. या दवाखान्यात ते नव्हतं. आणि मग, दहा सभासदांदेखत, संस्थेचे सचिव आणि साखर कारखान्याचे माजी मुख्य केमिस्ट म्हणाले, "मला सुईची भीती वाटते."

कुणी हसलं नाही. हंबीररावांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. दहा जण कोपऱ्यात जाऊन हलक्या आवाजात बोलू लागले. दोन मिनिटांत परत आले, आणि हंबीरराव डॉक्टरांपुढं हात जोडून उभे राहिले.

"बाई, येक इनंती हाय. त्येंनी आमची पावलं चालली. आता त्येंची सुई आमी घेतो. दहा जण हाय. नंबर लावतो, रोज येक जण येतो. सायबांस्नी टोचायचं न्हाई."

डॉक्टर हसतील असं वाटलं होतं, पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. दहाही जण अगदी मनापासून बोलत होते. जोतीरामनं तर बाही वर केली होती.

"तसं चालत नाही, हंबीरकाका," त्या हळूच म्हणाल्या. "ज्याचं त्यालाच घ्यावं लागतं."

ढाल कागलला गेली. त्याबद्दल हंबीरराव एक शब्द बोलले नाहीत. हलगीवाल्याला परत पाठवताना एवढंच म्हणाले, "जाऊ द्या वो, ढालीनं काय हुतंय." ज्यांनी हे ऐकलं त्यांना त्यांची खरंच काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हंबीरराव हुपरीकरांच्या दारात उभे. "सुई घेता येत न्हाई तर न्हाई," ते म्हणाले, "हात तर धरता येतोय." त्यांनी नृसिंहरावांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला आणि स्वतःच डोळे मिटून घेतले. नृसिंहरावांनी उजव्या हातानं पेन पोटाला लावलं. झालं. मुंगी चावली तेवढंही नव्हतं. श्यामलाबाईंनी पाहुण्यापुढं बिनसाखरेचा चहा ठेवला. "आमच्याकडं पाहुण्याला फिकाच देतात," त्या म्हणाल्या. चेअरमननी तो निमूटपणे संपवला.

मग अकरा जण आपापला फोन आपापल्या खिशात घालून बंधाऱ्याकडं निघाले. वाटेत विजयसिंह हवालदार मोटारसायकल कडेला लावून सामील झाले. निम्म्या वाटेत जोतीराम दमला, म्हणून सगळेच उसाच्या बांधावर बसले आणि तिथूनच परतले. रात्री अ‍ॅपचा निरोप आला: 'तुमच्या गटाची कामगिरी अचानक घसरली आहे. गेल्या तीन महिन्यांतली शिस्त आठवा.'

रोज सातला कुणी ना कुणी येत राहिलं. झुंबरबाई हात धरताना 'आई अंबाबाई' म्हणत. जोतीराम लक्ष दुसरीकडं वळवायला पेंडीचे भाव सांगे. महिना झाला. एका सकाळी जोतीराम गेल्यावर श्यामलाबाई कपबशी विसळता विसळता म्हणाल्या, "अहो, खरं सांगा. आता काही भीती वाटत नाही ना तुम्हाला?"

"पहिल्या आठवड्यातच गेली," नृसिंहराव म्हणाले.

"मग सांगून टाका की त्यांना. दहा माणसं आळीपाळीनं आपली कामं टाकून येतात."

"सांगायचंच आहे." नृसिंहरावांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. जोतीराम फाटक नीट लावून घेत होता. "पण उद्या झुंबरबाई यायच्या आहेत. त्यांचं होऊ दे. मग बघू."